कमी रोधाची जागा

मे महिना लागला की माझ्या बोटांना मीठ झोंबतं. बोटांवर आता एकही चीर उरलेली नाही. हातात असलाच तर खडू असतो, आणि तोही मे महिन्यात नसतो, कारण तासिकेवर शिकवणाऱ्यांना कॉलेज उन्हाळ्यात बोलावत नाही. तरी ब्रह्मपुरीच्या रस्त्यावरून तेंदूपत्त्याचे बोरे लादलेला पहिला ट्रक गेला, त्याच्यामागे उन्हात भाजलेल्या पानांचा तुरट वास रेंगाळला, की मी नकळत हात ओढणीला पुसते. पुसून झाल्यावर लक्षात येतं, पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात होतं. खडा मीठ, ओली माती, लोखंडाचा गंज. रात्री भात कालवताना हाताची आग व्हायची आणि तरी मी खूश होते, कारण मी संशोधन करत होते.

माझं पीएचडीचं काम भूभौतिकशास्त्रातलं. हा शब्द आमच्या घरात अजून कोणाला नीट म्हणता येत नाही. बाबांनी आयुष्यभर राइस मिलमध्ये पोती उचलली. मिलवर कोणी विचारलं तर ते सांगायचे, "पोरगी जमिनीचा एक्सरे काढते." मला ते ऐकायला आवडायचं, आणि ते फारसं चूकही नव्हतं. जमिनीत ओळीने लोखंडी खुट्या ठोकायच्या. दोन खुट्यांमधून वीज आत सोडायची आणि बाकीच्या खुट्यांवर बघायचं, ती किती सहज पुढे गेली. अखंड खडक विजेला अडवतो. त्या अडवण्याला रोध म्हणतात. भेगाळलेल्या, पाणी मुरलेल्या खडकाचा रोध कमी असतो. म्हणजे कमी रोधाची जागा सापडली, तर तिथे पाणी असण्याची शक्यता. त्या शेवटच्या दोन शब्दांशी पुढे माझी जी ओळख झाली, तिच्याबद्दलच हे लिहिते आहे.

या कामाला मे महिना सगळ्यांत वाईट. वरची माती इतकी वाळलेली असते की ती वीज आतच घेत नाही. मग प्रत्येक खुटीच्या बुडाशी लहानसं आळं करायचं, त्यात मीठ कालवलेलं पाणी ओतायचं आणि ते मुरायची वाट बघायची. कोरड्या जमिनीला काही विचारायचं तर आधी तिला पाणी पाजावं लागतं. मग मेमध्ये कशाला गेलीस, असं कोणीही विचारेल. कारण यंत्र विभागाचं होतं, एकच होतं, आणि बाकीचं वर्षभर ते माझ्या आधीच्यांकडे असायचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात ते न्यायला कोणी तयार नव्हतं. "तू तिकडचीच आहेस," माझे मार्गदर्शक सर हसून म्हणाले, "तुला ऊन काय करणार?" मी म्हटलं, "थँक यू सर." उपरोधाने नव्हे. मला खरंच वाटलं होतं की यंत्र मिळालं, म्हणजे माझ्यावर उपकार झाले.

उपकार हा शब्द मी फार लवकर शिकले. नगरपरिषदेच्या शाळेत बाईंनी जुनी पुस्तकं दिली, ते उपकार. वसतिगृहात जागा मिळाली, ते उपकार. घरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता आणि त्याच्याखाली बसून मी अभ्यास करायचे. त्या घरात शिकायला मिळणं ही साधी गोष्ट नाही, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. ती कृतज्ञता आजही खरी आहे. पण तिचा एक परिणाम होतो, तो मला माझ्याच विषयातून कळला. ओली जमीन वीज अडवत नाही.

गाव चिचटोला. वडशाकडून कुरखेड्याच्या अंगाला जाताना जंगल जवळ येतं, तिथे रस्ता सोडून आत. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोहाची झाडं आणि गावाच्या टोकाला एक हापशी. मेमध्ये ती हापशी आधी पाणी देते, मग गढूळ पाणी देते, मग नुसती खडखडते. पहाटेपासून तिच्यापुढे गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग असायची. बायका गुंड रांगेत ठेवून जंगलात पानं तोडायला जायच्या, उन्हं चढायच्या आत परत यायच्या आणि मग सावलीत बसून पुडके बांधायच्या. गुंड त्यांच्या जागेवर त्यांची वाट बघत उभे असायचे. कोणी कोणाचा गुंड मागे सरकवला तर दिवसभराचं भांडण.

मी तानाबाईंच्या पडवीत राहत होते. साठीकडे झुकलेली बाई, नवरा बरीच वर्षं झाली गेला, मुलगा हैदराबादकडे कामाला, घरात सून रेखा आणि एक बकरी. तानाबाईंची जीभ अशी की हापशीवर त्या आल्या की बाकीच्या बायका आधीच हसायला लागत.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. दुपारी हापशीवर कोणी नसतं म्हणून बकेट घेऊन गेले आणि जे येईल ते पाणी भरून घेतलं. परतताना तानाबाईंनी पाहिलं.

"पानी कुठी नेऊन राह्यली वं?"

"जमिनीत घालायचं आहे, बाई. खुट्यांच्या बुडाशी."

"काऊन? खुट्या उगवनार हायेत का?"

मी त्यांना समजावून सांगितलं. मीठ, करंट, रोध. त्या ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता पुडका बांधत होत्या. माझं संपल्यावर रेखाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का वं? पानी शोधाले आली अन् पानी सांडून राह्यली!" पडवीतल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मग तानाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अन् तू पेपरावानी काऊन बोलतं? ब्रह्मपुरीची होय ना तू? तुझी माय अशी बोलते का?"

"नाई," मी म्हटलं.

"हं. आता सांग. पानी भेटन का?"

"पायतो ना बाई. त्याच्यासाठीच आली मी."

हे मी म्हटलं, आणि ते खरं नव्हतं असंही नाही. प्रबंधाचं नाव होतं कठीण खडकातल्या भेगांचा विद्युत पद्धतीने अभ्यास. भेगा कशासाठी शोधायच्या, पाण्यासाठीच ना? मला तेव्हा तसंच वाटत होतं. मराठीत शोध घेणं आणि शोध लागणं यांत क्रियापदाचाच काय तो फरक. विद्यापीठ पदवी देतं ती शोध घेण्याची. चिचटोल्याला शोध लागायला हवा होता.

दुसऱ्या दिवशीपासून पाणी गावाने दिलं. कोणी बैठक घेतली नाही की ठरवलं नाही. सकाळी निघाले तर तानाबाईंच्या अंगणात एक मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, ठेवलेला, आणि येणारी-जाणारी बाई आपल्या गुंडातलं लोटाभर पाणी त्यात ओतून पुढे जात होती. मला लाज वाटली. मी म्हटलं, भांडी घासलेलं पाणी चालेल, तांदूळ धुतलेलं चालेल, मशीनला फरक पडत नाही.

तानाबाई चिडल्या. "मशीनले नाई पडत. पानी मागाले जाच्चं अन् उष्टं पानी ओताच्चं? असं कोनी मागते का?"

म्हणून त्या मेमध्ये मी चिचटोल्याच्या जमिनीत पिण्याचं पाणी ओतलं. रेखा घण मारायची, तानाबाई गंजातून लोट्याने पाणी घालायच्या, मी केबल जोडायची. मीठ टाकायची वेळ आली की तानाबाई तोंड फिरवायच्या. "बांधीत मीठ टाकनारी पयली बाई तू. धान खारट झाला तर तुझ्याच घरी पाठवीन." ऊन इतकं की केबलचं रबर हाताला चिकटायचं आणि यंत्र तापून बंद पडायचं, मग त्याच्यावर ओलं फडकं टाकून आम्ही तिघी पळसाच्या सावलीत बसायचो. यंत्रालाही पाणी लागत होतं. एकदा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पुडके मोजून घेतात तिथे, हिशेब बघणारे एक म्हातारे भाऊ सायकल थांबवून उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, नारळ नाई आनला का? मागं एक पानी पायनारा आला होता, हातावर नारळ ठेवून. नारळ उभा झाला गा, पानी नाई झालं."

"हे शास्त्र हाये भाऊ," मी म्हटलं.

"तोही असाच मने," ते म्हणाले आणि निघून गेले.

आठवणीत त्या दिवसांचा रंग पांढरा आहे. पांढरं आभाळ, वाळलेल्या बांधीतल्या धानाच्या खुंटांचा पांढरट पिवळा, मीठ वाळून खुटीभोवती उमटलेली पांढरी कडी. एकच दिवस त्यात निळा आहे.

तानाबाईंच्या खालच्या बांधीतली ओळ संपली आणि मी लॅपटॉपवर आकडे चढवले. पडद्यावर जमिनीचं चित्र उमटलं. वरून खाली, उभं कापल्यासारखं. लाल, पिवळा, हिरवा. आणि पळसाजवळच्या कोपऱ्यात, बऱ्याच खाली, निळा. मोठा, गोलसर, हंड्यासारखा. पाच-सहा बायका माझ्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. त्यांच्या लुगड्यांना तेंदूच्या पानांचा वास होता.

"हे काय होय?" रेखाने बोट ठेवलं.

"इथून करंट लवकर गेला. रोध कमी हाये."

"निळा काऊन हाये मंग?"

त्या सॉफ्टवेअरला कमी रोध निळ्यात दाखवायची सवय होती. बटण दाबलं तर उलटं करता येतं, कमी रोध लाल होतो. मी हे सांगितलंही असेल. पण बायकांनी निळं पाहिलं होतं, आणि मे महिन्यात हापशीवरून आलेल्या बाईने निळं पाहिल्यावर तिला दुसरं काय दिसणार? मी म्हटलं, "इथे पाणी असू शकतं." त्यातलं "असू शकतं" कोणाच्याच कानापर्यंत गेलं नाही. तानाबाईंनी दोन्ही हातांनी पडदा धरला, आरसा धरावा तसा.

"माझ्या बांधीत?"

"हो. त्या कोपऱ्यात."

"मंग बोरिंग कधी मारतेस?"

मी सांगितलं की सरांशी बोलते, मोठ्या ऑफिसात बोलते, बोअर मारायला लावते. निघायच्या दिवशी खुट्या उपटताना तानाबाईंनी माझा हात धरला. "एक राहू दे इथी. जागा चुकाले नको." म्हणून पळसाजवळची ती एक खुटी तशीच ठेवली.

सरांच्या खोलीत कूलर होता. बाहेर जून उलटला होता तरी पावसाचा पत्ता नव्हता. सरांनी नकाशे बघितले आणि ते मनापासून खूश झाले. खोलीत बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक बसले होते; त्यांना ते म्हणाले, "ही आमची गडचिरोलीकडची मुलगी. हिच्या घरात कोणी दहावीसुद्धा नाही, आणि हे काम बघा." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशांकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "थँक यू सर."

पाहुणे गेल्यावर मी बोअरचं काढलं.

"आपल्या प्रबंधाला बोअर लागत नाही," सर म्हणाले.

"पण सर, तो कमी रोध पाण्याचा आहे की चिकणमातीचा, हे खणल्याशिवाय कसं कळणार? दोन्हींचा आकडा सारखाच येतो."

"बरोबर. म्हणून दोन्ही लिहायचं. पाणी मुरलेला भाग किंवा चिकणमातीचा थर. 'किंवा' लिही."

"पण गावाला—"

"हे बघ," सर मायेने म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दुष्ट माणसाशी भांडता आलं असतं. "तू इथपर्यंत आली आहेस हेच किती मोठं आहे. आता गुंता करू नकोस. लिहून मोकळी हो."

आणि मी मोकळी झाले. इंग्रजीत 'किंवा' हा शब्द दोन अक्षरांचा आहे. माझ्या प्रबंधात तो जागोजागी आहे आणि त्याला कोणीही हरकत घेतलेली नाही. चिचटोल्याचं नावही त्यात नाही. नकाशावर ते स्थळ क्रमांक चार आहे. शास्त्रात असंच करतात. मी विचारलं तेव्हा मला हेच सांगण्यात आलं, आणि ते खरंही आहे.

तालुक्याच्या ऑफिसातही गेले. तिथल्या साहेबांनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, विहिरीची जागा आमचे लोक ठरवतात. प्रबंधावरून बोअर मारायला लागलो तर कसं होईल?" शेजारच्या टेबलावरचे हसले. मी दोन उन्हाळे त्या ऑफिसात जात राहिले. एकदा साहेब बदलले. नवे साहेब जुन्यांपेक्षा जास्त सौजन्याने नाही म्हणाले.

मधल्या थंडीत चिचटोल्याला गेले होते. हातात यंत्र नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी गेले. गावात नाटक लागलं होतं. वडशाहून कंपनीची गाडी आली होती आणि रिक्षावर भोंगा लावून दुपारपासून पुकारा चालू होता. धान कापून झाला होता. तानाबाई मला बांधीवर घेऊन गेल्या आणि मी बघतच राहिले.

बांधीच्या रस्त्याकडच्या बाजूची पार, म्हणजे मातीचा बांध, त्यांनी फोडली होती. चांगली रुंद, बैलगाडी सहज जाईल एवढी. धानाच्या बांधीचं सगळं बळ त्या पारीत असतं. ती पावसाचं पाणी कोंडून धरते म्हणून धान उभा राहतो. पार फोडली म्हणजे पाणी वाहून गेलं. आणि पळसाजवळचा कोपरा रोवलाच नव्हता, धानाची रोपं लावलीच नव्हती. तिथे गवत वाढलं होतं आणि गवतात ती खुटी.

"हे काय केलं बाई?"

"मंग बोरिंगची गाडी कुठून येईन? वरून?" तानाबाई म्हणाल्या. "रोवनीनंतर गाडी आली तर धान तुडवन ना. मनून जागा सोडली."

"धान?"

"झाला थोडासा. पानी नाई थांबलं त्याच्यात." त्यांनी हात झटकला. "बोरिंग झाल्यावर उन्हाळी धान घेतो मंग. एका वर्षाचं काय."

परतताना वाटेत नाटकाच्या मांडवाचे बांबू उभे करणारे लोक होते. त्यांतला एक ओरडला, "तानाबाई, नाटकवाल्याची गाडी येऊन गेली गा! तुझ्या बोरिंगची नाई आली!"

"येईन रे," तानाबाई म्हणाल्या. "माझ्या बोरिंगचं पानी प्याले येशीन तेव्हा तुझं तोंड पायतो." मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "येईन ना वं?"

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला ते खरं करता येईल असं वाटत होतं. इतक्या शिकलेल्या माणसाच्या शब्दाने एक गाडी हलत नसेल, ही शक्यता मला कोणत्याच इयत्तेत शिकवलेली नव्हती.

मौखिक परीक्षेच्या दिवशी माय आणि बाबा नागपूरला आले होते. मायने नवं लुगडं नेसलं होतं आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशे उलटले, निळ्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "हे पाणी आहे हे तुम्ही पडताळून पाहिलं का?"

मला वाटलं, आता हे अडवतील. म्हणतील, एक बोअर घ्या आणि मग या. मला तसंच हवं होतं, हे मला तो प्रश्न ऐकल्यावर कळलं. प्रबंध परत आला असता तर तो घेऊन मी कोणाच्याही दारात उभी राहू शकले असते.

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "पडताळणी या कामाच्या व्याप्तीत नाही."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं. एवढंच. माझ्याकडून विजेला कसलाच रोध झाला नाही.

नंतर टाळ्या, फोटो, समोसे. माय सरांपुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचे उपकार फिटनार नाई सर." सर म्हणाले, "अहो, मुलगीच गुणी आहे." लोक पांगल्यावर टेबलावर पाण्याच्या बाटल्या राहिल्या होत्या, कोणी एक घोट घेतलेल्या, कोणी अर्ध्या प्यायलेल्या. सफाईच्या ताई येऊन त्या एकेक करून बेसिनमध्ये रिकाम्या करत होत्या. माय माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "एवढं चांगलं पानी टाकून राह्यली वं ते." मी तिला घेऊन बाहेर आले.

आता माझ्या नावामागे डॉक्टरची दोन इंग्रजी अक्षरं आहेत आणि नावापुढे नोकरी नाही. तासिकांचं काम मिळवायला मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्यांनी विषय वाचून विचारलं, "म्हणजे पाणी शोधता का?" मी म्हटलं, "पाणी किंवा चिकणमाती." ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

यंदा गेले. जावं की नाही याचा विचार मी एप्रिलभर केला, आणि पहिला ट्रक गेला त्या दिवशी जीपमध्ये बसले. चिचटोल्याच्या फाट्यावर उतरले तर समोरच, रस्त्याच्या कडेला, नवी हापशी. बोअर झाला होता. गाडी आली होती, रस्त्यालगत उभी राहिली होती, आणि जिथे उभी राहिली तिथेच तिने भोक पाडलं होतं. आत बांधीपर्यंत जायला चालक तयार नव्हता. होळीपर्यंत पाणी आलं. आता त्या दोन्ही हापश्या मिळून खडखडतात. गुंडांच्या रांगा मात्र दोन झाल्या आहेत.

तानाबाई पडवीत पुडके बांधत होत्या. हात हळू झाले आहेत. रेखाने काही न विचारता लोटाभर पाणी आणून दिलं. ते पाणी हातात धरणं किती जड असतं, हे मी कुठल्या यंत्राने मोजून दाखवू? पाहुण्याने ते परत केलं तर अपमान होतो. मी प्यायले.

"डॉक्टर झाली मनतात," तानाबाई म्हणाल्या.

"हो बाई."

"चांगलं झालं." पुडक्याची गाठ त्यांनी दातांनी ओढली. "आता एक सांग मले. खरं सांगजो. त्या बांधीत खाली पानी हाये का नाई?"

हा प्रश्न मला परीक्षेत इतका सरळ कोणी विचारला नव्हता. विचारला असता तरी त्याचं उत्तर तेच होतं.

"मले मालूम नाई बाई. पानी असन, किंवा चिकनमाती असन."

"किंवा मंजे?"

"मंजे... दोनातलं एक. खनल्याबिगर नाई सांगता येत."

त्यांनी पुडका खाली ठेवला. सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं. मला ते बरं वाटलं असतं. त्या हसल्या. पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशाच, पण या वेळी बाकीच्या बायका नव्हत्या हसायला. "एवढं तर मले आधीच मालूम होतं वं," त्या म्हणाल्या. "याच्यासाठी तुले डॉक्टर कायले केली त्यायनं?"

मग उठल्या. "चाल. दाखवतो."

आम्ही बांधीवर गेलो. पार बांधून टाकली होती. नवी माती, जुन्या पारीपेक्षा अजून वेगळ्या रंगाची, फावड्याने चोपून घट्ट केलेली.

"यंदा बुजवली मी," तानाबाई म्हणाल्या. "किती वर्स लोकायचं ऐकाच्चं? बोरिंगवाली बाई मनतात मले. हापशीवर पोट्ट्याही मनतात. यंदा कोपराही रोवतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बंद केलेल्या दाराबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. "ते खुटी तुझी हाये. घेऊन जाय. नांगराले लागन."

खुटी पळसाजवळ होती तिथेच होती. वरून गंजून लाल झालेली, आणि तिला बकरी बांधलेली. बकरीने दोरीच्या लांबीएवढं गवत गोलाकार खाऊन साफ केलं होतं.

मी बकरीची दोरी सोडून तानाबाईंच्या हातात दिली. खुटी दोन्ही हातांनी धरून ओढली. मग डावी-उजवीकडे हलवायला गेले. हलेना. माती तिच्याभोवती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. तळहाताला गंज लागला, कातडी सोलली, जुनी आग परत झाली. मी पुन्हा ओढली.

"तशी नाई निंगत," तानाबाई म्हणाल्या. "बुडाशी पानी टाकावं लागते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गावाच्या दिशेने पाहिलं, जिथे दोन्ही हापश्यांपुढे गुंड उन्हात उभे होते. बोअरच्या गाडीसाठी त्यांनी पार फोडली होती, धान सोडला होता. एका खुटीसाठी लोटाभर पाणी त्यांनी दिलंही असतं. म्हणूनच मी मागितलं नाही.

"राहू द्या बाई," मी म्हटलं. "नांगर बाजूनं काढा."

"हं," त्या म्हणाल्या, आणि दोरी परत खुटीला बांधली.

बकरीने दोन-चार हिसके दिले. खुटी जागची हलली नाही.